नळीतलं घड्याळ

(अंधार. रक्त गरगर फिरवून त्याचे घटक वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूजची घरघर. हळूहळू उजेड: रॅकमध्ये उभ्या रक्ताच्या नळ्या.)

या नळीतलं रक्त शरीराबाहेर येऊन वीस मिनिटं झाली आहेत. त्यातल्या पेशी अजून जिवंत आहेत आणि त्यांना भूक आहे. भोवतालची साखर त्या खात राहतात. साध्या नळीतलं रक्त तसंच टेबलावर ठेवलं, तर त्यातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. करड्या टोपणाच्या नळीतलं फ्लोराइड हे खाणं थांबवतं खरं, पण पहिले एक-दोन तास साखर तरीही थोडी घसरतेच. म्हणजे सकाळचा नमुना दुपारी यंत्रावर चढला, तर उपचारांची गरज असलेल्या माणसाच्या हातात दिलासा देणारा आकडा पडू शकतो. यंत्र बिनचूक, रीएजंट म्हणजे चाचणीचं रसायन ताजं, आणि रिपोर्ट चुकीचा. म्हणूनच कोणता नमुना यंत्रावर कधी चढवायचा, याचं वेळापत्रक लागतं.

(रंगीत टोपणं, एकेक करून.)

प्रत्येक नळीचं घड्याळ निराळं चालतं. निळ्या टोपणाच्या एकाच नळीतून रक्त गोठण्याच्या दोन चाचण्या होतात: पीटी २४ तासांपर्यंत थांबू शकते, एपीटीटीला साधारण ४ तासांचीच मुदत. अमोनियाची नळी बर्फात येते आणि तिला रांगेत उभं करून चालतच नाही. पोटॅशियमची तऱ्हा आणखी वेगळी. सेंट्रिफ्यूज न केलेलं रक्त टिकावं म्हणून कुणी फ्रिजमध्ये ठेवलं, तर थंडीने पेशींचे पंप मंदावतात, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा खोटा चढतो. चांगल्या हेतूने केलेली काळजीच इथे नमुना बिघडवते.

(जुनं यंत्र: काचेच्या वेटोळ्या नळ्या, पुढे सरकणारे बुडबुडे.)

१९५७ साली बाजारात आलेल्या लिओनार्ड स्केग्ज यांच्या, चाचण्या आपोआप करणाऱ्या ऑटोअ‍ॅनालायझरला वेळापत्रकाची फारशी चिंता नव्हती. एका बारीक नळीतून नमुने एकामागून एक वाहत जात, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये हवेचे बुडबुडे सोडलेले असत. जो आधी आला, तो आधी. पुढे अशी यंत्रं आली, जी प्रत्येक नमुन्याला फक्त त्याच्या वाट्याच्या चाचण्या लावतात. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या कोची वैद्यकीय महाविद्यालयात मासाहिदे सासाकी यांनी नमुने सरकत्या पट्ट्यांवर चढवले आणि यंत्रं एकमेकांना जोडली. कोण कुठे, कधी जाणार, हा प्रश्न तिथून खरा अवघड झाला.

(चकती फिरते आहे. टिक. टिक.)

चाचण्या करणाऱ्या यंत्राच्या आत अशी चकती असते; तिच्यावरची प्रत्येक खाच म्हणजे एका चाचणीची जागा. समजा चकती दर ६ सेकंदांनी एक पाऊल पुढे सरकते, तर तासाला ६०० जागा मिळतात. नमुना पडला, पहिलं रीएजंट पडलं, ठरलेल्या पावलावर दुसरं, आणि काही मिनिटांनी प्रकाश आरपार जाऊन रंग मोजला गेला. एकदा आत गेलेल्या नमुन्याचं पुढचं सगळं ठरलेलं असतं. निवड एवढीच, की पुढच्या जागेवर कोण?

रोबोट हात चालवत असलेल्या प्रयोगशाळेत हा पेच आणखी नीट दिसतो. तिथे ९६ खळग्यांच्या प्लेट असतात आणि हात एकच. समजा दोन प्लेट एकाच क्षणी धुण्याच्या यंत्राकडे निघाल्या. दुसरी थांबली, तर तिच्यातली प्रक्रिया मुदतीपलीकडे चालू राहते आणि रंग हवा त्यापेक्षा गडद होतो. म्हणून शहाणं वेळापत्रक दुसरी प्लेट मुळातच उशिरा सुरू करतं. वाट पाहायचीच असेल, तर ती सुरुवातीआधी पाहायची, मधे अडकून नाही. मला या कामातली सगळ्यात सुंदर कल्पना हीच वाटते.

आणि एक रिकामी जागा राखायची. दोन प्लेट एकमेकींच्या जागेवर जायला टपल्या आणि कुठेच मोकळी जागा नसली, तर हात तसाच गोठून उभा राहतो.

(सेंट्रिफ्यूजचं झाकण बंद होतं.)

रिकाम्या जागेचं मोल बाहेरून कळत नाही. यंत्र पूर्ण वेळ चालावं, असं पैसे मोजणाऱ्याला वाटणं साहजिक आहे. पण नमुने कधीही, कसेही येत असतील, तर रांगेचं साधं गणित वेगळं सांगतं: यंत्र निम्मा वेळ कामात असताना जेवढं थांबावं लागतं, त्याच्या नऊपट थांबणं ९० टक्के कामात असताना लागतं. शेवटचे ते थोडे टक्के फार महाग पडतात, आणि त्यांची किंमत रुग्ण मोजतो.

घाईलाही मर्यादा आहेच. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, ज्या नळीतून घ्यायचा तिच्यात रक्त नीट गोठायला अर्धा तास तरी लागतो. तो चोरला, तर फायब्रिन या गोठवणाऱ्या प्रथिनाचे धागे यंत्राच्या सुईत अडकतात आणि एका नमुन्याची घाई सगळ्या रांगेला भोवते. फिरणारं सेंट्रिफ्यूज मध्येच उघडताही येत नाही. म्हणून मोठं भरेपर्यंत थांबण्यापेक्षा लहान लहान फेऱ्या पुष्कळदा बऱ्या.

अर्जंटचं काय? छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, तासाभरात पुन्हा पाहायचा असतो. तो पुढे जायलाच हवा. पण प्रत्येक नळीवर ‘अर्जंट’ची चिठ्ठी लागली, तर ती चिठ्ठी वाचूनही काही कळत नाही. आणि अर्जंटच्या मागे साधा नमुना अडकून पडू नये, म्हणून चांगली प्रणाली साध्या नमुन्याचाही हक्क वाढवत नेते: जितका वेळ तो थांबला, तितका तो पुढे सरकतो. कुणी कायमचं मागे राहू नये.

(पहाट. रिकामी प्रयोगशाळा. दिवे लागतात.)

पहाटेच्या या शांत वेळेत तंत्रज्ञ कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, लावून घेते. वॉर्डांमधून नळ्यांचा लोंढा येईल, तेव्हा यंत्र तपासून तयार असलं पाहिजे. आकडे मर्यादेत आले. तिने नोंद केली.

(दार उघडतं. एकच नळी, बर्फाच्या डब्यात.)

बारकोड वाचला गेला. पुढची जागा मोकळी ठेवलेली आहे.