मुक्तस्रोत खेळ कुठे तगतात

सर्व्हर, ब्राउझर, फोनची कार्यप्रणाली अशा अनेक ठिकाणी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड (प्रोग्रामच्या लिखित सूचना) कोणीही पाहू, बदलू आणि वाटू शकतो असे सॉफ्टवेअर, आज पक्के रुजलेले आहे. संगणकावरच्या खेळांच्या बाबतीत मात्र ते टिकेल का, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. पैसा नाही म्हणून असे खेळ होत नाहीत, हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. माझ्या मते खरी अडचण खेळाच्या घडणीतच आहे.

आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने 'डूम' या आपल्या नेमबाजीच्या खेळाचा कोड डिसेंबर 1997 मध्ये खुला केला आणि 1999 मध्ये त्याला जीपीएल परवाना दिला, म्हणजे बदललेला प्रोग्राम वाटणाऱ्याने त्याचा कोडही खुला ठेवावा अशी अट घातली. त्या कोडमुळे तो खेळ आजही नव्या यंत्रांवर चालतो. पण त्यातील चित्रे, आवाज आणि नकाशे खुले झाले नव्हते, त्यामुळे 'फ्रीडूम' या प्रकल्पातील स्वयंसेवकांना ते सारे नव्याने घडवावे लागले आणि त्यात कित्येक वर्षे गेली. कोडमधली चूक कोणी अनोळखी माणूस एका संध्याकाळी दुरुस्त करू शकतो. पात्रांची चित्रे, संगीत, कथा यांना मात्र एकच नजर आणि दीर्घ, सलग परिश्रम लागतात. शिवाय कथाप्रधान खेळ एकदा पूर्ण झाला की खेळाडू तेथून निघून जातो, मग तो सुधारायला थांबणार कोण?

जे खेळ लोक वर्षानुवर्षे रोज खेळतात, तेथे चित्र वेगळे दिसते. 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स' या वाहतूक कंपनी चालवण्याच्या जुन्या खेळाच्या आधारे लुडविग स्ट्रिगियस यांनी 2004 मध्ये 'ओपनटीटीडी' आणला. सुरुवातीला त्याला मूळ खेळातील चित्रे लागत. पुढे खेळाडूंनीच पर्यायी चित्रे आणि ध्वनी तयार केले, आणि 2010 मधील 1.0 आवृत्ती मूळ खेळ विकत न घेताही खेळता येऊ लागली. स्वतःचे रेल्वेजाळे रोज मांडणाऱ्या माणसाला सिग्नलची व्यवस्था सुधारण्यात रस असतोच.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण मला लिचेसमध्ये दिसते. तिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने 2010 मध्ये सुरू केलेले हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ ना-नफा तत्त्वावर, देणग्यांवर चालते. तेथे जाहिराती नाहीत, आणि पैसे देणाऱ्याला व न देणाऱ्याला सुविधा सारख्याच मिळतात. त्याचा कोड एजीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे बदललेला कोड सर्व्हरवर चालवून लोकांना सेवा देणाऱ्यानेही तो वापरणाऱ्यांना उपलब्ध करून दिला पाहिजे. डावांचे विश्लेषण 'स्टॉकफिश' हे मुक्त इंजिन, म्हणजे उत्तम चाली शोधणारा प्रोग्राम, करते. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट याच्याही पुढची आहे: तेथे खेळले गेलेले मानांकित डाव दर महिन्याला सर्वांसाठी खुले केले जातात आणि अशा डावांतूनच सरावाची कोडी तयार होतात. इतर खेळांत जो आशय कलावंतांकडून मोल देऊन घडवून घ्यावा लागतो, तो येथे खेळणाऱ्यांच्या खेळण्यातूनच निर्माण होतो.

कोड उघडा असला की फसवणूक वाढते, हा आक्षेप काही खेळांपुरता खरा आहे. 1999 मध्ये 'क्वेक' या नेमबाजीच्या खेळाचा कोड खुला झाल्यावर बदललेले प्रोग्राम वापरून नेमबाजीत गैरफायदा घेण्याची वाट सोपी झाली, कारण खेळाडूपासून जे लपवायचे ते त्याच्याच संगणकावर होते. बुद्धिबळात पट दोघांनाही सारखाच दिसतो. तेथील लबाडी बाहेरून इंजिनची मदत घेऊन होते, आणि ती कोड बंद ठेवून थांबत नाही.

म्हणून प्रत्येक खेळ पहिल्या दिवसापासून मुक्त असावा, असा आग्रह मी धरणार नाही. कथाप्रधान खेळ करणाऱ्यांनी 2014 पासून एमआयटी या सैल अटींच्या परवान्याखाली मिळणाऱ्या 'गोडो'सारख्या खेळ घडवण्याच्या मुक्त साधनावर तो घडवावा, खुशाल विकावा आणि विक्री ओसरल्यावर निदान कोड तरी खुला करावा. तेवढे केले, तरी वीस वर्षांनंतरच्या यंत्रांवर तो चालवण्याचे काम त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांना हाती घेता येईल.