आज कपडा किती वेळा बदलला?

(दृश्य: गडचिरोली जिल्ह्यातलं एक गाव. कौलारू घर, ओसरीवर काढून ठेवलेली आशाताईची चप्पल.)

बाळंतपणाला आज सात दिवस झाले. आतल्या खोलीत उजेड कमी आहे. आशाताई साबणाने हात धुते, वाळू देते, मगच बाळाला हात लावते. काखेत थर्मामीटर लावते, मग बाळाला झोळीत घालून काट्याला अडकवते आणि काटा डोळ्यांसमोर धरून आकडा वाचते. बाळाचं सगळं बघून झालं, की ती बाळंतिणीकडे वळते.

"कशी हायेस वं?"

"बरी हाय बाई."

दारात सासू उभी आहे.

"बरी हाय" हे उत्तर तुम्हाला महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात मिळेल. ती खोटं बोलत नाही. अंगावरून जास्त जाणं, छाती दगडासारखी होणं, संध्याकाळी ताप चढणं, हे बाळंतिणीच्या वाट्याला यायचंच, असं ती लहानपणापासून ऐकत आली आहे. ज्याला घरात कुणी दुखणंच म्हणत नाही, ते ती दुखणं म्हणून सांगणार कशी?

म्हणून विचारायचं कसं, हे आधी शिकावं लागतं. आणि ते शिकण्यात गडचिरोलीचा वाटा फार मोठा आहे.

(दृश्य: धानाची शेतं, जंगलातून जाणारा रस्ता.)

1986 साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांशी बोलून त्यांची तपासणी केली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि एकेकीला सरासरी तीनहून जास्त. त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धरून चालणाऱ्या सगळ्यांनाच तो धक्का होता. दवाखान्याच्या नोंदवहीत हा आजार नव्हताच, कारण या बायका दवाखान्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या.

पुढचं काम बाळंतिणीच्या खोलीतलं.

1995 मध्ये 39 गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. त्या काळी बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. सुईणीसोबत ही आरोग्यदूतही तिथे हजर राहायची, आणि मग 28 दिवस पुन्हा पुन्हा त्या घरी जायची. पहिल्या दिवशी, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या... एकदाच येऊन प्रश्नावली भरून गेलेल्या पाहुणीला जे कळत नाही, ते पाचव्या फेरीला आलेल्या ओळखीच्या बाईला कळतं. माझ्या मते या साऱ्या कामाचं मर्म इथेच आहे. पहिल्या दिवशी लाजणारी बाळंतीण सातव्या दिवशी पदर बाजूला करून भेगा पडलेलं स्तनाग्र दाखवते.

वर्षभरात 772 बाळंतिणींची अशी नोंद झाली. निम्म्याहून अधिक जणींना प्रसूतीत किंवा नंतर काही ना काही आजार झाला होता. प्रसूतीच्या वेळी त्रास झालेल्या सुमारे 18 टक्के, आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत त्रास झालेल्या सुमारे 43 टक्के. म्हणजे सुटका झाली, सगळे निर्धास्त झाले, आणि खरा धोका त्यानंतर आला. दूध साकळणं, छाती सुजणं. उशिरा सुरू झालेला रक्तस्राव. अंगातली जंतुबाधा.

बाळांचं चित्र याहून वाईट. नोंदलेल्या 763 नवजात बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज होती. डॉक्टरच्या नजरेखाली गेलेली बाळं होती 2.6 टक्के. दगावलेल्या बाळांमध्ये सर्वाधिक जंतुसंसर्गाने गेली, आणि त्याची लक्षणं घरातच दिसत होती: बाळ दूध ओढेना, रडणं क्षीण झालं, अंग गार पडलं. आईला दिसत होतं. आईला कुणी विचारत नव्हतं.

विचारण्याबरोबर उपचारही आले. जंतुसंसर्ग ओळखून बाळाला इंजेक्शन देण्यापर्यंतचं सगळं याच आरोग्यदूत शिकल्या. कामाच्या आधी या गावांत हजार जन्मांमागे 62 नवजात बाळं जात होती. 1997-98 मध्ये तो आकडा 25.5 वर आला. 2011 मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर आशांच्या हाती दिला गेला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा फेऱ्या, घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. सगळ्या फेऱ्यांचे मिळून तेव्हा 250 रुपये ठरले. या कामाला ते कमी होते, हे इथे सांगायलाच हवं.

(दृश्य: आशाताईच्या मांडीवरचा फॉर्म, जवळून.)

या फॉर्मवर "कशी आहेस" असा प्रश्न नाही. मोजता येतील असे प्रश्न आहेत. चोवीस तासांत पोटभर किती वेळा जेवलीस? चार वेळांपेक्षा कमी असेल तर तिथेच समजावून सांगायचं. बाळ किती वेळा अंगावर घेतलंस? बाळाला सहा वेळा तरी लघवी झाली का? आणि रक्तस्रावासाठी दिवसातून किती पॅड बदललेस? पाचाच्या वर गेलं, तर दवाखाना.

किती जातं, हे लाजेखातर कुणी नीट सांगत नाही. कपडे मात्र मोजता येतात, कारण ते धुवावे लागतात.

(दृश्य: पुन्हा तीच खोली.)

सासू चुलीवरचं पाणी बघायला आत गेली आहे. आशाताई खाटेच्या जवळ सरकते, आवाज खाली आणते.

"आज कपडा किती वेळा बदलला?"

बाळंतीण बोटांवर मोजते. सकाळी उठल्यावर. आंघोळीच्या आधी. आंघोळीनंतर. जेवताना एकदा उठली ती...

"सहा. रातचे दोन धरून आठ."

आशाताईची पेन थांबते. ती तिच्या कपाळाला हात लावून बघते, मग सासूला हाक मारते: "मावशी, बाळाचं दुपटं घ्या, अन् दोन धुतलेले कपडे." दुसऱ्या हाताने ती रुग्णवाहिकेचा 102 नंबर लावते आहे.