तळटीप

(दृश्य : पालघर स्टेशन, सकाळची वेळ. फलाटावर मोबाइलमध्ये मान घालून उभी असलेली माणसं.)

अंगठ्याच्या चित्रावर बोट टेकवलं की ते निळं होतं. झालं ‘लाइक’. १८ नोव्हेंबर २०१२ च्या रविवारी पालघरमधल्या एका मुलीने असंच बोट टेकवलं आणि सोमवारी ती न्यायालयात उभी होती.

आदल्या दिवशी बाळासाहेब ठाकरे गेले होते. रविवारी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार, लाखोंची गर्दी, मुंबई बंद. हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे, अशा अर्थाच्या काही ओळी एका मुलीने फेसबुकवर लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघी जेमतेम विशीतल्या. बघता बघता जमाव गोळा झाला, लिहिणारीच्या काकांच्या रुग्णालयाची तोडफोड झाली. तिने पोस्ट काढली, माफी मागितली. तरी दोघींना अटक झाली. पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या.

ज्यांना ती पोस्ट झोंबली त्यांचं दुःख खरं होतं. घरातलं माणूस गेल्यासारखे लोक त्या दिवशी रडले. पण मन दुखावलं म्हणून कुणाला अटक करायची? आणि जिने एक अक्षरही लिहिलं नव्हतं, तिलाही?

(दृश्य : कायद्याचं पुस्तक. पान उलटणारा हात.)

अटकेसाठी लावलेल्या कलमांत एक होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाठवलेल्या मजकुराला लागणारं. २००८ च्या दुरुस्तीने आलेलं, २००९ पासून लागू झालेलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यातले शब्द बघा : अतिशय आक्षेपार्ह, त्रास, गैरसोय, अपमान. त्रास म्हणजे किती? गैरसोय कुणाची? कायद्यात व्याख्या नाही. या शब्दरचनेचं मूळ १९३५ च्या ब्रिटिश टपाल कायद्यात सापडतं. टेलिफोनवरून कुणी अचकट विचकट बोलू नये म्हणून केलेली ती तरतूद. एका माणसाने दुसऱ्याच्या कानात बोलण्यासाठीचे शब्द, गावासमोर मांडलेल्या मताला लावले गेले.

दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कलमाचा गैरवापर होणार नाही, अशी हमी सरकारने दिली. न्यायालयाने ती मानली नाही : सरकारं येतील आणि जातील, कलम मात्र राहील. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने ६६अ घटनाबाह्य ठरवलं. एखाद्या मतावर चर्चा करणं, त्याचा आग्रह धरणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं, ही रेघ त्या निकालाने ओढली. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण न पटणारं मत मांडणाऱ्यालाही त्याने आसरा दिला.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

२०२१ च्या जुलैमध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं, की ६६अ खाली अजूनही गुन्हे नोंदवले जाताहेत. खंडपीठावर होते तेच न्यायमूर्ती नरिमन, ज्यांनी निकाल लिहिला होता. त्यांना धक्का बसला. केंद्र सरकारचे मुख्य कायदा सल्लागार, म्हणजे ॲटर्नी जनरल, वेणुगोपाल यांनी कारण सांगितलं, तेही साधंच : कायद्याच्या पुस्तकात कलम अजून जसंच्या तसं छापलेलं असतं. ते रद्द झाल्याचं फक्त तळटिपेत असतं. पोलीस अधिकारी गुन्हा नोंदवताना तळटीप वाचत नाही.

विचार करा. रात्रीची वेळ, समोर तावातावाने बोलणारा जमाव, ठाणे अंमलदाराच्या हातात उघडं पुस्तक. ठळक अक्षरांत कलम आहे, शिक्षाही आहे. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ. आणि बाकावर बसलेली मुलगी, जिला ती ओळ ठाऊकच नाही.

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने पुन्हा बजावलं : ६६अ खाली कुणावरही खटला चालवू नका, नवे गुन्हे नोंदवू नका. आणि जिथे जिथे हे कलम छापलं जाईल, मग प्रकाशन सरकारी असो वा खासगी, तिथे ते घटनाबाह्य ठरल्याचं वाचकाला नीट कळलं पाहिजे.

(दृश्य : तेच पान. बोट कलमावरून खाली सरकतं, तळटिपेवर थांबतं. कॅमेरा जवळ जातो, अक्षरं वाचता येईपर्यंत.)