गिअरबॉक्स उतरलाच आहे तर

मंडळी, समोर निम्मे जण गॅरेजवाले आहेत आणि निम्मे गाडी चालवणारे. दोघांनाही कळेल असं बोलतो. विषय एवढाच: क्लच सेट बदलताना फ्लायव्हीलला फेसिंग मारून घ्यायचं की नाही? फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकला, फिरत्या दांड्याला, बोल्टनं जखडलेला जड तवा. त्याच्यावर क्लच प्लेट टेकते. फेसिंग म्हणजे त्याचं तोंड मशीनवर कापून सपाट करणं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत बरीच वर्षं लेथवर काढली, मग स्वतःचं गॅरेज टाकलं. सुरुवातीला मीही फ्लायव्हीलवर पॉलिश पेपर फिरवायचो आणि नवी प्लेट चढवून मोकळा व्हायचो. खानापूरच्या एका गुरुजींची गाडी अशीच करून दिली. आठ दिवसांत ते परत. म्हणाले, "चोर्ला घाटाच्या चढाला गाडी थांबली, पुन्हा उचलताना अशी थरथरली की मागं बसलेली आई घाबरली ओ." गिअरबॉक्स पुन्हा खाली घेतला. नव्या प्लेटवर घासल्याच्या खुणा फक्त तीन ठिकाणी होत्या, बाकी प्लेट कोरी. फ्लायव्हीलवर त्याच तीन जागी मोराच्या मानेसारखे निळसर डाग. दुसऱ्या खेपेची मजुरी मी घेतली नाही, पण त्यांचे दोन दिवस गेले आणि आईचा त्या गाडीवरचा भरवसा गेला. ते मला भरून देता आलं नाही.

हे डाग म्हणजे नुसता रंग नव्हे. फाउंड्रीत राबलेल्यांना हे लगेच पटेल. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सावकाश गार झालं तर मऊ राहतं, लेथचं टूल कसं सरळ चालतं. तेच झटकन गार झालं की असं कडक होतं की टूलचं टोक उडतं. बहुतेक साधी फ्लायव्हील बिडाचीच. ऊस हंगामात संकेश्वर-निपाणीकडे ट्रॉल्यांच्या मागं अर्धा-अर्धा तास हाफ क्लचवर, पेडल अर्धं दाबून, गाडी सरकवत नेतो ना आपण, तेव्हा फ्लायव्हीलवरच्या काही जागा भयंकर तापतात. सुमारे ७२५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्या आणि घसरणं थांबलं, की आजूबाजूचं थंड बीड ती उष्णता एका क्षणात ओढून घेतं. तेवढीच जागा कडक होऊन बसते. पुढं भोवतीचं मऊ बीड झिजतं, ही जागा झिजत नाही, म्हणून ती उंच राहते. नवी प्लेट तिच्यावरच टेकते, ती पुन्हा तापते, आणि पेडल सोडताना गाडी थरथरते.

म्हणूनच, आयुष्य लेथवर काढलेला माणूस असूनही सांगतो, डाग पडलेलं फ्लायव्हील लेथवर देऊ नका, ग्राइंडिंगला द्या. लेथवर त्या जागी टूल किंचित वर उचललं जातं. कान दिला तर प्रत्येक फेऱ्याला टक्, टक् ऐकू येतं. उतरवल्यावर तोंड चकाचक दिसतं, पण डागाची जागा केसभर उंचच राहिलेली असते. ग्राइंडरचा दगड कडक-मऊ दोन्ही सारखं कापतो. ग्राइंडिंगनंतरही काळी सावली राहिली तर डाग खोल आहे. बारीक केसासारख्या चिरा बहुधा निघून जातात. ज्या निघत नाहीत, किंवा बोल्टच्या भोकापर्यंत पोचल्यात, ते फ्लायव्हील भंगारात घाला. मिनिटाला हजारो फेरे घेणारा हा लोखंडी तवा चालवणाऱ्याच्या पायापासून फार लांब नसतो. इथं काटकसर करू नका.

मग प्रत्येक वेळी ग्राइंडिंग करायचंच का? नाही. आधी मोजा. डायल गेज लावा, क्रँक एका बाजूला दाबून धरा, नाहीतर क्रँकचा पुढं-मागं होणारा प्लेच, म्हणजे ढिलाईच, मोजला जाते, आणि एक फेरा फिरवा. काटा जेवढा हलतो तो रनआउट. अनेक छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०.२ मिलिमीटरची मर्यादा दिलेली असते. सरळ पट्टी ठेवून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घाला. रनआउट मर्यादेत, पट्टीखाली फट नाही, डाग नाहीत, नखाला खाच लागत नाही, तर फक्त चकाकी मोडा, क्लीनरनं पुसा, बसवा. शंका असेल तर मात्र उतरवा. खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याचा आहे, आणि तो तर उतरलाच आहे. उतरवण्याआधी क्रँकवर खूण करा, मागचं ऑइल सील बघा. सील पाझरत असेल तर नव्या प्लेटला तेल लागून तीच थरथर पुन्हा येईल.

टर्नर मंडळींना एक कळकळीची विनंती. पायरीचं फ्लायव्हील आलं तर प्लेट घासते ते तोंड जेवढं कापाल, तेवढंच प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणारा भाग, बसते ते तोंडही कापा. घासायचं तोंड पायरीच्या आत खोल असतं. एकटं तेच कापलंत तर प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो आणि नवा क्लच पहिल्याच चढाला घसरतो. आधी डॉवेल पिना, म्हणजे प्रेशर प्लेट नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या, काढा, पायरी मायक्रोमीटरनं मोजून खडूनं फ्लायव्हीलच्या मागं लिहा.

ड्युअल मास फ्लायव्हीलला, म्हणजे दोन भाग आणि मधे स्प्रिंगा असलेल्याला, मशीनवर चढवू नका. त्याचा प्ले कंपनीच्या मर्यादेत आहे का ते बघा. नसेल तर बदला.

मगाशी एका पोरानं विचारलं, "मामा, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार नसतंय, काय करायचं?" त्याला गाडीखाली बोलवायचं, बॅटरीच्या उजेडात डाग दाखवायचे, त्याचं बोट खाचेवरनं फिरवायचं. माझ्या गॅरेजात एवढं दाखवल्यावर नको म्हणणारे फार थोडे निघाले.

या टेबलावर दोन फ्लायव्हील ठेवलीत, एक ग्राइंडिंग केलेलं, एक गुरुजींच्या गाडीचं. हो, ते मी जपून ठेवलंय. डायल गेजही लावलाय. पुढं या, नख फिरवून बघा.