पत्रा वाकवून घडवलेलं अक्षर: यंत्रांवरून देवनागरीचा मॉड्युलर फॉन्ट

यंत्रांवरून मॉड्युलर, म्हणजे ठरावीक सुट्या भागांतून जुळवलेला, फॉन्ट करायचा म्हटलं की पहिला हात जातो तो दातेरी चक्रांकडे आणि नटबोल्टांकडे. 'ठ'च्या कडेला दाते बसवले, शिरोरेषेवर रिव्हेट मारले की पोस्टरवरचे दोन शब्द निभावून जातात. ओळ लांबली की मात्र डोळा दात्यांतच अडकतो आणि वाचन थांबतं. यंत्राकडून घ्यायचा तो त्याचा नियम. सुटा भाग कसा घडतो हे आधी ठरवा, आकार त्यातून आपोआप निघतो.

धातू कोरणारा मिलिंग कटर गोल फिरतो, त्यामुळे त्याने कोरलेल्या खाचेचा आतला कोपरा टोकदार निघूच शकत नाही. तिथे कटरच्या त्रिज्येएवढी गोलाई उरते, बाहेरचा कोपरा मात्र धारदार राहतो. वाकवलेल्या पत्र्याला आतून आणि बाहेरून दोन्हीकडे गोलाई येते, आणि बाहेरची त्रिज्या म्हणजे आतली त्रिज्या अधिक पत्र्याची जाडी. एकाच फॉन्टमध्ये या दोन प्रक्रिया मिसळल्या की अक्षरं निरनिराळ्या हातांची वाटतात. आज आपण पत्रा धरून चालू.

एम, म्हणजे अक्षर ज्यात बसवायचं तो चौरस, १००० एककांचा घ्या आणि त्यात ४० एककांच्या चौकटींची जाळी आखा. रेघेची जाडी दोन चौकटी, म्हणजे ८०. आतली गोलाई ४०, म्हणून बाहेरची १२०. पाव वर्तुळासाठी बेझिए हँडलची, म्हणजे वक्राला वळण देणाऱ्या दांडीची, लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट लागते. इथे ती २२ आणि ६६ येते.

आता शिरोरेषेखाली उंची किती ठेवायची? बहुतेक जण 'प' किंवा 'व' काढून उंची ठरवतात आणि पुढे फसतात. उंची ठरवायची ती सर्वांत दाटीच्या अक्षरावरून. 'इ' घ्या. शिरोरेषेखाली तीन आडव्या रेघा, शेपूट पायरेषेच्या खाली सोडायची. उंची १४ चौकटी ठेवली तर तीन रेघांना सहा जातात, आठ उरतात, आणि आठ तीन पोकळ्यांत सारखे वाटता येत नाहीत. उंची १५ केली की नऊ उरतात, प्रत्येक पोकळीला तीन. 'ह'मधल्या दाटीचा प्रश्नही बराचसा इथेच सुटतो.

चित्रकार जोसेफ आल्बर्स यांनी बाउहाउस या जर्मन कलाशाळेत चौरस, पाव वर्तुळ आणि वर्तुळ एवढ्या तीन आकारांत लॅटिन अक्षरं बसवली. देवनागरीला एवढ्यावर भागत नाही, कारण आपल्याकडे गाठ आहे, म्हणजे 'म', 'भ'मधलं छोटं वेटोळं. काना, 'व'चं पोट, 'प'ची वाटी, गाठ, तिरकी पट्टी, शेपूट असे भाग आधी करा. 'व'च्या पोटातून 'ब' आणि 'क' निघतात, 'प'च्या वाटीतून 'ष' आणि 'फ'. गाठीला मात्र वेळ द्यावा लागतो. दोन चौकटींची रेघ, दोनची पोकळी, पुन्हा दोनची रेघ, म्हणजे ती सहा चौकटी रुंद होते. २५ पिक्सेलच्या आकारात एक चौकट बरोबर एक पिक्सेल असते. १२ वर आणलं की पोकळी जेमतेम एका पिक्सेलची उरते आणि बुजते. लहान आकारातही फॉन्ट वापरायचा असेल तर गाठ सरळ भरीव करा, भोक नसलेल्या वॉशरसारखी. पण मग 'ग', 'म', 'भ', 'न' सगळीकडे तीच हवी.

तिरक्या पट्टीत हमखास चूक होते. ४५ अंशांची रेघ आडवी ८० एकक सरकवून काढली तर तिची खरी जाडी ५७ भरते, आणि 'र', 'स' अशक्त दिसतात. सरकवायचं ११३. उलट, आडव्या रेघा उभ्या रेघांएवढ्याच जाडीच्या असल्या तरी जड भासतात. शिरोरेषा तर अखंड असल्यामुळे फारच. तिची जाडी ७२ करा. वरची कड चौकटीवर राहू द्या, आठ एकक खालून काढा. इथे मापपट्टीपेक्षा डोळा खरा.

सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी सांभाळा. भाग नुसते कडेला कड लावून ठेवले तर स्क्रीनवर सांध्यात केसाएवढी फट दिसते. ते चार एककांनी एकमेकांवर चढवा आणि शेवटी एकजीव करा. भाग आरशात फिरवला की त्याच्या पाथची, म्हणजे बाह्यरेषेची, दिशा उलटते, आणि एकजीव करायच्या आधी फॉन्टची फाइल तयार केली तर चढलेल्या जागी पांढरं भोक पडू शकतं. शिरोरेषाही दोन्ही बाजूंना अक्षराच्या रुंदीबाहेर दहा एकक वाढवा, नाहीतर शब्द मधेच तुटलेला दिसतो.

मराठीचे 'ल' आणि 'श' भाषेनुसार बदलणाऱ्या पर्यायांत घाला. 'ऱ्य', 'ऱ्ह'मधला र विसरू नका. वेलांटीवर रफार आणि अनुस्वार एकत्र आले की सुटे भाग एकमेकांवर आदळतात. त्या जोड्यांचे तयार ग्लिफ, म्हणजे अखंड अक्षराकृती, करा. चाचणीला 'कमल', 'नमन' नको. 'झुंज', 'हृदय', 'क्षितिज', 'कीर्ती', 'वाङ्मय', 'दुसऱ्या' हे शब्द लावा, आणि जे अक्षर चौकटीत गुदमरतं त्याला अर्धी चौकट जास्त द्या. 'झ'ला आणि 'ळ'ला ती बहुधा लागतेच.