शेवटच्या खांबावरची तार

मध्यरात्र उलटून गेली आहे. भीमाशंकरच्या डोंगरउतारांना लागून असलेल्या आंबेगाव तालुक्यातील या शेतावर, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या, घराच्या पडवीत टांगलेल्या झटका मशीनचा दिवा नेमाने लुकलुकतो आहे आणि त्याच्यावर विसंबून घरातील माणसे झोपली आहेत. परंतु दिवा लुकलुकतो तेव्हा मशीन चालू आहे, इतकेच कळते. ओढ्याकाठच्या शेवटच्या खांबावर, जिथून रानडुकरांचा कळप भुईमुगात शिरतो, तिथल्या तारेत झटका पोहोचतो आहे की नाही, हे पडवीतून कळत नाही.

बॅटरीवर चालणारे हे यंत्र कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठवते आणि ट्रान्सफॉर्मरमार्फत ती एका दमात तारेत सोडते. तारेवर त्या क्षणी सहसा ५,००० ते १०,००० व्होल्ट दाब चढतो आणि लगेच ओसरतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन झटक्यांमध्ये किमान १ सेकंदाचे अंतर ठेवावे लागते, आणि त्या उसंतीतच जनावराला मागे हटता येते. घरातील २३० व्होल्टची लाइन थेट तारेला जोडली, तर ही उसंतच उरत नाही. स्नायू आखडतात, सुटका होत नाही, आणि रानडुकरासाठी लावलेल्या तारेवर बिबट्या, बैल किंवा पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी प्राण गमावतो. असे कुंपण घालणे हा गुन्हा आहे, आणि तो कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही.

झटक्याचे वर्तुळ पूर्ण होते ते जनावराच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राच्या, जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या सळईपर्यंत. म्हणूनच कुंपणाचे दुखणे ऋतूप्रमाणे बदलते. आषाढ-श्रावणात गवत वाढून खालच्या तारेला टेकते. एकेक पाते अगदी थोडी वीज जमिनीत उतरवते, पण शेकडो मीटर बांधावरच्या हजारो पात्यांची गळती एकत्र झाली की दाब ३,००० व्होल्टच्या खाली येतो आणि राठ केसांच्या, जाड कातडीच्या डुकराला तो पुरेसा जाणवत नाही. वैशाखात गवत वाळते, तेव्हा मुरमाड जमीन कोरडी ठणठणीत होऊन अर्थिंगच कमकुवत पडते. त्याशिवाय तडकलेले इन्सुलेटर (तारेची वीज खांबात उतरू न देणारे तुकडे), सैल गाठ, वाऱ्याने तारेवर आलेली बाभळीची फांदी ही कारणे बारमाही आहेत.

तपासणीची रूढ रीत म्हणजे टेस्टर घेऊन बांधाबांधाने फिरणे. साधा मल्टिमीटर येथे लावू नये, कारण इतका क्षणिक दाब त्याला नीट मोजता येत नाही आणि तो जळूही शकतो. शिवाय जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यांचा वावर असताना, केवळ तार पाहण्यासाठी कोणाला अंधारात पाठवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

त्यासाठीच शेवटच्या खांबावर एक छोटी पेटी बसवली आहे. तार आणि जमीन यांच्यामध्ये मोठ्या रोधकांची (रेझिस्टरची) साखळी जोडून दाबाचा अगदी लहान अंश आत घेतला आहे. प्रत्येक झटक्याबरोबर आतला निऑन दिवा क्षणभर उजळतो आणि समोरचा प्रकाशसंवेदक तो उजेड टिपतो. तार आणि इलेक्ट्रॉनिक भाग यांच्यामध्ये केवळ प्रकाशाचा दुवा असल्यामुळे झटक्याचा उच्च दाब सर्किटपर्यंत सहजी पोहोचत नाही. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे पेटीतला चिमुकला संगणक, बहुतेक वेळ झोपेत राहतो, पंधरा मिनिटांनी जागा होऊन काही सेकंद ठोके मोजतो आणि सिमकार्डमार्फत मोबाइलवर संदेश धाडतो. निऑन फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ इतकेच सांगतो. किती व्होल्ट आहेत हे हवे असेल, तर क्षणिक शिखर धरून ठेवणारे वेगळे सर्किट लागते, आणि आमच्या मते तो खर्च करावा (या पेटीत तेही बसवले आहे), कारण दाब घसरू लागल्याची सूचना कुंपण बंद पडण्याच्या कित्येक दिवस आधी मिळते.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र संदेशाविषयीचा आहे. बिघाड झाल्यावरच कळवणारी पेटी स्वतःच बंद पडली, तर तिचे मौन ‘सर्व ठीक’ असेच वाचले जाईल. म्हणून ती ठरल्या वेळी खुशालीही कळवते, आणि खुशाली आली नाही की मोबाइलवर इशारा वाजतो.

तारेतून ठिणगी उडत असेल, तर जवळ धरलेल्या मीडियम वेव्हच्या रेडिओवर ठोक्यागणिक टकटक ऐकू येते. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदजवळ, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपते. त्या परिसरात तरी ठिणगी शोधून बंद करणे हे पिकाइतकेच विज्ञानासाठीही गरजेचे आहे.

पहाटे सव्वापाचला संदेश येतो: दाब २,१०० व्होल्ट. उजाडल्यावर यंत्र बंद करून, कोयता घेऊन दोघे ओढ्याकडे निघतात. खालच्या तारेवर रात्रीच्या पावसाने आडवी झालेली घाणेरीची जाळी पडलेली आहे. ती तोडून बाजूला केली जाते, यंत्र पुन्हा सुरू होते, आणि पुढच्या संदेशात आकडा येतो ६,४००.