गांडुळं आहेत, म्हणजे माती चांगली?

आमच्या सोसायटीच्या बागेत गांडुळं निघाली, म्हणजे माती उत्तमच, असं दर पावसाळ्यात कुणी ना कुणी खुशीत येऊन सांगतं. त्यांच्या आनंदावर विरजण घालायचं जिवावर येतं. कारण त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे.

गांडुळाला फुप्फुसं नाहीत. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं आणि माती गिळतच पुढे सरकतं. म्हणजे मातीतलं विष त्याला बाहेरून लागतं आणि आतूनही. कार्बोफ्युरानसारख्या कीटकनाशकाने ते चटकन मरतं. मोरचुदाचं काम संथ असतं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षं फवारलं की मोरचुदातलं तांबं मातीच्या वरच्या थरात साठत जातं. इंग्लंडमधल्या अशा जुन्या फळबागांत गांडुळं संपली आणि गळलेली पानं न कुजता जमिनीवर थर धरून राहिली. कोकणात ज्यांच्या सुपारीच्या बागा आहेत, त्यांनी झाडाखालचा पाचोळा जरा उचलून बघावा.

पण खरी मेख पुढे आहे. प्रत्येक विष गांडुळाला मारत नाही. कॅडमियम ते शरीरात एका प्रथिनाला बांधून ठेवतं आणि खुशाल जगतं. मातीत असतं त्याच्या कित्येक पट कॅडमियम त्याच्या अंगात सापडतं. त्याचं काही बिघडत नाही, बिघडतं ते त्याला खाणाऱ्याचं. 1950 च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमध्ये एल्मच्या झाडांवर डीडीटी फवारलं. पानं गळली, गांडुळांनी खाल्ली, गांडुळं रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि पक्षी पटापट मेले. आपल्याकडे कंपाउंडमध्ये गांडुळं टिपणारा दयाळ रोज दिसतो, म्हणून हे सांगितलं.

तेव्हा नुसती डोकी मोजून भागत नाही, अंगात काय साठलंय ते बघावं लागतं. त्यासाठी गांडुळं आधी एक-दोन दिवस ओल्या गाळणकागदावर उपाशी ठेवतात. नाहीतर पोटातली मातीच मोजली जाते आणि आकडे गांडुळाच्या नावावर खपतात.

मला स्वतःला आवडते ती पळून जाण्याची चाचणी. पेटीच्या मधोमध पत्रा उभा करायचा. एका बाजूला स्वच्छ माती, दुसऱ्या बाजूला संशयित, ओल दोन्हीकडे सारखी. पत्रा काढून रेषेवर 10 गांडुळं सोडायची, 48 तासांनी पत्रा परत घालून मोजायची. संशयित बाजूला दोनसुद्धा उरली नाहीत, तर त्या मातीत काहीतरी गडबड आहे. मात्र गांडूळ खारटपणाला आणि आंबट मातीलाही पळतं. त्यामुळे गडबड कसली, हे पेटी सांगत नाही.

उलट, गांडुळं नाहीत म्हणून घाबरूनही जाऊ नका. मे महिन्यात ती खोल जाऊन पडून असतात, तेव्हा मोजणीला सप्टेंबर बरा. एक वीत लांब, एक वीत रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या, माती जुन्या चादरीवर पसरून हातांनी निवडा. मुंबईत आणखी एक भानगड आहे. बरीचशी जमीन भरणीची. खाली रॅबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, वर इंचभर लाल माती. रॅबिटमधल्या चुना-सिमेंटमुळे आणि दाबून बसवलेल्या थरामुळेही गांडुळं टिकत नाहीत, तिथे विष असेलच असं नाही. शिशाची गोष्ट वेगळी. शिसंयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं, पण शिसं कुजत नाही. जुन्या वाहत्या रस्त्यालगतची माती कुंडीत भरताना एवढं लक्षात असू द्या.

रेल्वेच्या रुळांशेजारी नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या पालकाच्या मातीत गांडुळं आहेत, मग तो पालक खायला चालेल का, असं एका चिठ्ठीत विचारलं होतं. नाल्याच्या पाण्यातला सेंद्रिय गाळ खाऊन गांडुळं तिथे छान पोसू शकतात, त्यामुळे त्यांच्या असण्याने पालकाला प्रमाणपत्र मिळत नाही. मातीचा आणि पालकाचाही नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागेल. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या नेहमीच्या तपासणीत शिसं आणि कॅडमियम येत नाही. अर्जावर ते वेगळं लिहून मागा.